कुणाला जय करायचं?



आजच्या वाचनात गीतेचा पाचवा अध्याय, श्लोक 18. आशय थोडक्यात असा: विद्या आणि विनय असलेला ब्राह्मण, गाय, हत्ती, कुत्रा आणि समाजाने सगळ्यात खाली ढकललेला माणूस, या सगळ्यांकडे ज्ञानी लोक एकाच नजरेने पाहतात. पाठ करायला सोपा श्लोक. पण घरात पावणेदोन वर्षांची लेक असली की तो रोज परीक्षा घेतो.

सध्या आमच्याकडे 'जय कर' शिकणं चालू आहे. देव्हाऱ्यात समई लागली की हात जोडायचे, एवढं तिला कळलंय. त्यावरून तिने स्वतःच नियम काढला: जिथे दिवा, तिथे बाप्पा. फ्रीज उघडला, आत दिवा लागला, की जय. सिग्नल लाल झाला, जय. साडीच्या दुकानातल्या नटवलेल्या पुतळ्याला जय, आणि लिफ्टच्या आरशातल्या बाळालाही जय! (अद्वैतवाले खूश होतील.) चार पायांचं जे असेल ते 'भू भू': गाय, मांजर, परवा तर डायनिंग टेबलसुद्धा. प्रसादाचे चुरमुरे एक घास खऱ्या भू भूला, एक स्वतःला, त्याच हाताने.

आमची हसून पुरेवाट होते. मग कोणीतरी कौतुकाने म्हणतं, "बघा, हिला सगळ्यांत देव दिसतो! हीच खरी ज्ञानी." मला ते पटत नाही. ज्या हातांनी ती जय करते, त्याच हातांनी मांजरीची शेपटीही ओढते. तिला फरक अजून कळलेलाच नाही. ज्ञानी माणसाला फरक पुरता कळतो, हत्ती आणि कुत्रा वेगळे हे त्याला दिसतंच, तरीही त्याच्या मनात कोणी लहान होत नाही. बाळाची समता फरक कळण्याच्या अलीकडची, ज्ञान्याची पलीकडची. मधला सगळा रस्ता फरक शिकण्याचा. आणि तो शिकवतो आपण.

शिकवावा तर लागतोच. गॅस म्हणजे चटका, खिडकीत चढायचं नाही, अनोळखी कुत्र्याच्या तोंडात हात घालायचा नाही. हे फरक न शिकवता मूल वाढवताच येत नाही.

मग परवाची गोष्ट घडली. आदल्या दिवशी आजीच्या पाया पडायला शिकलेली लेक, सकाळी कचरा न्यायला मावशी आल्या तशी धावली आणि त्यांच्या पायांवर डोकं टेकवलं. मावशी दोन पावलं मागे सरकल्या. "नको गं बाळा, पाय घाण आहेत माझे." घरात पाहुणे होते. त्यांच्यातल्या एकजणी हसत म्हणाल्या, "अगं वेडे, तिला नाही करायचा नमस्कार!" बोलणं अगदी प्रेमाचं होतं. मी मावशींना म्हटलं, "केलाय ना तिने, आता आशीर्वाद द्या." त्यांनी पदराला हात पुसून तिच्या डोक्यावर ठेवला. गोष्ट तिथेच संपली. माझ्या डोक्यात मात्र तो 'तिला नाही' राहिला. 'गॅसला हात नाही' आणि 'तिला नमस्कार नाही' ही वाक्यं बाळाच्या कानाला एकाच सुरात ऐकू येतात. दोन्ही तितकीच खरी वाटणार.

या श्लोकावर एक युक्तिवाद नेहमी ऐकू येतो: गीता समदर्शन सांगते, समवर्तन नाही. नजर सारखी ठेवा, वागणं ज्याच्या त्याच्याप्रमाणे. त्यात तथ्य आहे. हत्तीचा चारा कुत्र्याला घालून चालत नाही. पण याच वाक्याच्या आडोशाने माणसांना उंबऱ्याबाहेरही ठेवलं गेलं. चोखोबांची समाधी पंढरपूरच्या महाद्वारासमोर आहे, आत नाही. विठ्ठलाचं मंदिर सगळ्यांना खुलं व्हावं म्हणून साने गुरुजींना 1947 साली पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. नजर खरंच सम असती, तर ती दारापाशी येऊन थांबली नसती.

म्हणून मी स्वतःपुरती एक कसोटी ठरवली आहे. हा फरक शिकवला नाही तर कोणाला इजा होईल का? होणार असेल तर जरूर शिकवायचा. आणि शिकवल्याने फक्त कोणाचा तरी मान कमी होणार असेल, तर तो फरक आपल्यापाशीच थांबू दे.

नाथांची कथा तुम्हाला माहीत असेल. पैठणला गोदावरीच्या तापलेल्या वाळवंटात एक मूल रडत होतं, ज्याला शिवणं त्या काळी निषिद्ध होतं. नाथांनी ते कडेवर घेतलं आणि घरी पोचवलं. वाळू तापलेली आहे, हा फरक त्यांनी पाहिला. मूल कोणाचं, हा नाही पाहिला. मला वाटतं, श्लोकाचा अर्थ याहून सोपा करून सांगता येणार नाही.

आजचा संकल्प: घरात लहान मूल असो वा नसो, आपल्या दाराशी रोज येणाऱ्या एका माणसाला आज नाव विचारू या, आणि उद्यापासून त्याच नावाने, आदराने हाक मारू या.

रामकृष्ण हरी. उद्या श्लोक 19.