आन्नेके यान्सचे वारसदार

मॅनहॅटनमधल्या ट्रिनिटी चर्चच्या जमिनीवर हक्क सांगणारे दावे एकोणिसाव्या शतकात एकामागून एक दाखल होत राहिले आणि फेटाळले जात राहिले. दावेदार स्वतःला आन्नेके यान्सचे वारस म्हणवत. ही बाई १६३० साली नवरा आणि मुलींसह न्यू नेदरलँड या डच वसाहतीत आली. पुढे मॅनहॅटनवरची ६२ एकर शेती तिच्याकडे आली. १६६३ मध्ये ती वारली आणि १६७१ मध्ये वारसांनी जमीन इंग्रज गव्हर्नरला विकली; तीच पुढे ट्रिनिटी चर्चकडे गेली. एका वारसाची सही राहिली, एवढ्या मुद्द्यावर पुढच्या कित्येक पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवत राहिल्या. भामट्यांनी वारसांकडून वर्गण्या उकळल्या. आन्नेके ही डच राजपुत्र ऑरेंजच्या विल्यमची नात, अशी लोणकढी थापही खपली. कागदपत्रे भलतेच सांगतात: आन्नेके नॉर्वेच्या फ्लेकेरॉय बेटावरची. राजघराणे सोडाच, ती जन्माने डचसुद्धा नव्हती.

आणि यात तिचे काही वेगळेपण नाही. १६२४ साली आलेल्या पहिल्या कुटुंबांत बहुसंख्य वालून, म्हणजे फ्रेंच बोलणारे प्रॉटेस्टंट होते. वसाहतीत जन्मलेली पहिली युरोपीय मुलगी म्हणून जिचे नाव घेतात ती सारा रापेल्ये त्यांच्यातलीच, जन्म १६२५. पगार वसाहत चालवणाऱ्या डच कंपनीचा, माणसे मात्र जिथून मिळतील तिथली, असा तो कारभार. तेव्हा ‘आमचे मूळ डच’ असे म्हणणाऱ्याच्या हाती बऱ्याचदा नॉर्वेचा किंवा फ्रान्सच्या सीमेवरचा माणूस लागतो.

पूर्वजांच्या शोधाची खरी अडचण नावांत आहे. आपल्याकडे वडिलांचे नाव मधे येते, तिथे ते शेवटी येई. यान पीटर्सनचा मुलगा पीटर यान्सन, त्याचा मुलगा पुन्हा यान पीटर्सन. एकाच गावात असे चार यान सापडले की आडनावावर विसंबणारा फसतोच. वाट दाखवतात त्या वसाहतीतल्या न्यू अ‍ॅमस्टरडॅम गावच्या चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी. त्या १६३९ पासून मिळतात. मुलाचे नाव, आईबापांची नावे आणि खाली साक्षीदार. साक्षीदार बहुधा आजी, मावशी किंवा काका. मुलांना नावेही आजीआजोबांचीच. शिवाय लग्नानंतरही बाई माहेरचे नाव लावी, स्वतःच्या नावावर मालमत्ता ठेवी. आईच्या बाजूने मागे जाता येते ते यामुळेच.

म्हणून न्यूयॉर्कच्या हॉलंड सोसायटीची जुनी अट मला विचित्र वाटते. १८८५ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेत शिरायचे तर १६७५ पूर्वी वसाहतीत राहणाऱ्या पुरुषाशी थेट पुरुषवंशाने नाते सिद्ध करावे लागे. बारा पिढ्या मागे गेले तर वंशावळीत ४०९६ जागा असतात. त्यातली एक निवडून तिला ‘घराणे’ म्हणायचे आणि बाकीच्या ४०९५ पुसायच्या! ज्या समाजाने बायकांची नावे जपली, त्याच्या वारसांनी ती गाळावीत, हे अजबच.

गाळलेल्यांत आणखी माणसे आहेत. १६२६ च्या सुमारास कंपनीने आणलेले आफ्रिकी गुलाम मॅनहॅटनला पोचले. पाउलो आंगोला, अँथनी पोर्तुगीज अशी त्यांची नावे कागदोपत्री आहेत. १६४४ मध्ये त्यांच्यातल्या काहींना ‘अर्धे स्वातंत्र्य’ मिळाले: स्वतःची जमीन कसायची, दरवर्षी कंपनीला धान्य आणि डुक्कर द्यायचे, मुले मात्र कंपनीचीच. इंग्रजांनी १६६४ मध्ये वसाहत घेतली, तरी हडसन खोऱ्यात डच भाषा आणि गुलामगिरी दोन्ही टिकून राहिल्या. १७९७ च्या सुमारास तिथल्या अल्स्टर परगण्यात गुलामीत जन्मलेली इझाबेला, म्हणजे पुढची गुलामगिरीविरोधी कार्यकर्ती सोजर्नर ट्रुथ, लहानपणी फक्त डच बोलत असे. इंग्रजी ती विकली गेल्यावर शिकली.

डच पूर्वज शोधायला निघालेल्याने बाप्तिस्म्याच्या वहीतले साक्षीदार वाचावेत, तशीच मृत्युपत्रांतली मालमत्तेची यादीही वाचावी. त्या यादीत गायीघोड्यांच्या शेजारी माणसांची नावे आहेत आणि त्यांचेही वंशज आज आपले मूळ शोधत आहेत.