विठाई आणि कलम ८७

पंढरीच्या देवाला महाराष्ट्राने आई करून टाकले. कमरेवर हात ठेवून उभ्या असलेल्या या पुरुषदेवाला वारकरी विठाई म्हणतात. जनाबाईच्या नावावरच्या अभंगात तो एकाला खांद्यावर बसवून, दुसऱ्याचा हात धरून चालतो. ज्ञानेश्वर तर सगळ्या वारीची माउली. वात्सल्य देहावर ठरत नाही, हे आपण शतकानुशतके टाळ-मृदंगाच्या साथीने मान्य करत आलो आहोत. मग बायको वारलेला किंवा घटस्फोट झालेला बाप, शाळेचे नाव काढताच ओकाऱ्या काढणाऱ्या मुलीला घेऊन मानसोपचारतज्ज्ञाकडे जातो, तेव्हा ‘हिची आई कुठंय?’ हा प्रश्न आधी का येतो? देवाच्या बाबतीत जे सहज पटते, ते माणसाच्या बाबतीत अडते.

कायद्यातही हीच वाटणी दिसते. १९५६ च्या हिंदू पालकत्व कायद्याने नैसर्गिक पालक म्हणून आधी बापाला धरले, आईला नंतर. पण पाच वर्षांखालच्या लेकराचा ताबा साधारणपणे आईकडे ठेवला. हुकूम बापाचा, उस्तवार आईची. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याचे कलम ८७ याहून बारकाईने वाचावे असे आहे. अल्पवयीन मुलगी रुग्णालयात दाखल झाली आणि तिच्या वतीने निर्णय घेणारा प्रतिनिधी पुरुष, म्हणजे इथे बाप, असला, तर त्यानेच एक स्त्री सोबतीला नेमायची आणि तिने मुलीपाशी पूर्ण मुक्काम करायचा. आत्या-मावशा हाताशी असतील त्याचे निभते. पिंपरीत भाड्याच्या खोलीत राहून पाळीत काम करणाऱ्याने अशी बाई कुठून आणायची? यावर कोणी म्हणेल, मुलींवरचे अत्याचार अनेकदा घरातलीच माणसे करतात, तेव्हा संशय घेतलेलाच बरा. मान्य. विठ्ठल माउली आहे म्हणून प्रत्येक बाप माउली ठरत नाही. पण मग प्रत्येक आईही आपोआप ठरत नाही. नियम राहू दे, त्याचा भार तेवढा बापावरून काढावा.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. बायका हे सारे वर्षानुवर्षे करत आल्या, त्यांना कोणी हार घातले नाहीत. आता बापांचेच एवढे कौतुक कशाला? कौतुक नकोच. पण ‘आई कुठंय?’ या प्रश्नात मुलाचे मन सांभाळणे हे बाईचेच काम ठरते, ती मेल्यावरसुद्धा, हे विसरता येत नाही. राहिला भोगाचा मुद्दा: पोराच्या नशिबात आहे, नवस बोला, डॉक्टर काय करणार? कर्मसिद्धांत दुःखाचे कारण सांगतो, उपचाराला बंदी करत नाही. हात मोडला की हीच मंडळी पूर्वजन्म न विचारता प्लास्टर घालून आणतात. नवस बोलायचा तर बोलावा, आणि १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा मोफत क्रमांकही फिरवावा. रुग्णालयांकडे मागणे एवढेच, की दाखल होणाऱ्या मुलीसोबत राहायला बाई मिळत नसेल, तर ती रुग्णालयानेच द्यावी आणि तिचा खर्च बापाच्या बिलात लावू नये.