कृपेत वाढणे

ख्रिस्ती धर्मविचाराशी नव्यानेच परिचय करून घेणाऱ्या जिज्ञासूस जी शंका हटकून अडविते, तीच शंका त्या धर्मात जन्मून, देवळाच्या बाकावर बसता बसता वार्धक्यास पोहोचलेल्या श्रद्धावंतासही अधूनमधून सतावीत असते. ती अशी की, मनुष्याचे तारण जर केवळ देवाच्या कृपेने, कसल्याही मोबदल्यावाचून होत असेल, तर नित्याची प्रार्थना, आत्मपरीक्षण, इंद्रियनिग्रह आणि परसेवा यांचे प्रयोजन ते काय; आणि ही सर्व साधने जर आवश्यकच असतील, तर जिला आपण कृपा म्हणतो ती अखेर परिश्रमाचा मुशाहिराच ठरत नाही काय? मनुष्याचा रोजचा दिवस कसा जावयाचा हेच या शंकेच्या उत्तरावर अवलंबून असल्यामुळे तिला केवळ पंडितांचा वाद म्हणून बाजूस सारता येत नाही. जो पहिल्या बाजूकडे झुकतो तो कृपेच्या नावाखाली सैल पडतो, आणि जो दुसरीकडे झुकतो तो, साधना फळली तर गर्विष्ठ आणि फसली तर हताश होतो. या कोड्याची उकल शब्दांच्या व्याख्यांत शोधण्यापेक्षा, कृपा लाभलेल्या माणसांच्या आयुष्यात शोधणे मला अधिक श्रेयस्कर वाटते. आणि तेथे पाहू गेल्यास एक विलक्षण गोष्ट दृष्टीस पडते, ती ही की, अशा माणसांच्या ठिकाणी स्वतःच्या पापाची जाणीव वर्षागणिक तीव्र होत जाते, आणि पापाचे भय मात्र त्याच प्रमाणात ओसरत जाते.

पाप म्हटले की आपल्या मनासमोर निषिद्ध कृत्यांची एक फेरिस्त उभी राहते, आणि त्या फेरिस्तीतील बहुतेक कलमे आपणांस लागू नाहीत असे पाहून आपण निर्धास्त होतो. उत्तर आफ्रिकेतील थगास्ते या गावी इ. स. ३५४ मध्ये जन्मलेल्या ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात या निर्धास्तपणाला जो धक्का दिला आहे, तो एका अगदी क्षुल्लक प्रसंगाच्या आधारे. सोळा वर्षांचा असताना सोबत्यांसह रात्रीच्या वेळी त्याने शेजारच्या बागेतील नासपतीची फळे चोरली. भूक नव्हती, त्याहून चांगली फळे त्याच्यापाशी होती, आणि चोरलेली बहुतेक फळे त्यांनी डुकरांपुढे टाकून दिली. प्रौढ वयात, बिशप झाल्यावर, राज्ये उलथवणाऱ्या अपराधांना बाजूस ठेवून त्याने या पोरकट चोरीवर पाने खर्ची घातली, याचे कारण असे की, या कृत्याला गरजेची वा लाभाची कोणतीच सबब देता येत नव्हती. जे निषिद्ध ते निषिद्ध म्हणूनच गोड लागले, आणि एकटा असतो तर जे केले नसते ते संगतीत सहज केले गेले. पापाचे मूळ हातापायांत नसून आवडीनिवडीत आहे, मनुष्य जे करतो त्याच्याही आधी तो ज्यावर प्रेम करतो तेथेच तो बिघडलेला आहे, हे निदान त्या मूठभर फळांवरून त्याने केले. संत पौलाने रोमच्या मंडळीस लिहिलेल्या पत्रात हेच निदान अधिक व्याकुळपणे मांडले आहे: जे चांगले करावेसे वाटते ते हातून घडत नाही, आणि ज्याचा तिटकारा येतो तेच घडते.

महाराष्ट्रीय वाचकास हे निदान परके वाटण्याचे कारण नाही. तुकोबांच्या अभंगांत स्वतःच्याच अंतःकरणाची जी निष्ठुर झडती घेतलेली आढळते, आणि त्या झडतीच्या शेवटी पतितपावनाच्या दारी जी धाव घेतलेली दिसते, ती ज्याने कानामनात साठविली आहे, त्याला पौलाचा आक्रोश समजावून सांगावा लागत नाही. १८९५ साली मुंबईस बाप्तिस्मा घेतलेल्या कवी नारायण वामन टिळकांनी, आपण तुकोबांच्या सेतूवरून ख्रिस्ताकडे आलो, असे जे कृतज्ञतेने म्हटले, त्याचा अर्थ या पार्श्वभूमीवर पुरता उमगतो.

ऑगस्टीनच्या या निदानास त्याच्याच काळी ज्याने हरकत घेतली, तो पेलाजियस हा कोणी नास्तिक किंवा स्वैराचारी मनुष्य नव्हता. ब्रिटनमधून रोमला आलेला हा विरक्त साधक तेथील ख्रिस्ती लोकांचे शिथिल वर्तन पाहून कळवळला होता, आणि देव जे आज्ञापितो ते करण्याचे सामर्थ्यही त्यानेच दिले पाहावे, अशा आशयाची ऑगस्टीनची प्रार्थना जेव्हा त्याच्या कानी आली, तेव्हा ही तर आळशी माणसाला मिळालेली सनदच आहे, असे त्याला वाटले. देव न्यायी आहे. तो अशक्य गोष्टीची आज्ञा करणार नाही. ज्या अर्थी आज्ञा आहे त्या अर्थी पाळण्याची शक्तीही मनुष्यात आहेच: हा त्याचा युक्तिवाद वरवर पाहता बिनतोड आहे, आणि त्यामागची नैतिक कळकळ आजही आदरास पात्र आहे. परंतु इ. स. ४१८ मध्ये कार्थेज येथील धर्मसभेने ही शिकवण त्याज्य ठरविली, आणि विचारान्ती तो निवाडा मला करुणेचाच वाटतो. पेलाजियसच्या मते मनुष्याची इच्छा प्रत्येक क्षणी कोऱ्या पाटीसह निवड करण्यास मोकळी असते. पण इ. स. ३८६ मध्ये मिलान येथे मन पालटण्यापूर्वी ज्याने सत्य काय ते पटूनही जुन्या सवयीची बेडी तोडता न आल्याची यातना भोगली होती, त्या ऑगस्टीनला ठाऊक होते की, इच्छा हीच आजारी असते आणि आजारी इच्छेला नुसता उपदेश करणे म्हणजे पंगूला चालण्याचा हुकूम देणे होय. पेलाजियसची शिकवण सबळांना उत्तेजन देते. जे पुनःपुन्हा पडले आहेत त्यांना मात्र ती केवळ दोषारोपपत्र वाचून दाखविते.

हाच प्रश्न आपल्या मराठी मुलखात ज्यांच्या आयुष्यात अत्यंत प्रखरपणे उभा राहिला, त्या पंडिता रमाबाई होत. १८५८ साली जन्मलेल्या, अनंतशास्त्री डोंगऱ्यांच्या या कन्येने बालपणापासून तीर्थयात्रा, उपवास आणि पुराणपठण यांत देह झिजविला होता. दुष्काळात आईबाप, पुढे भाऊ, आणि विवाहानंतर अवघ्या दोन वर्षांच्या आत पती, अशी माणसे गमावली होती. आणि १८८३ च्या सप्टेंबरात इंग्लंडातील वाँटेज येथे लहानग्या कन्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला होता. सामान्यतः धर्मांतराच्या कथा येथे संपतात. रमाबाईंची खरी कथा येथून पुढे सुरू होते. वाँटेज येथील सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेल्या त्यांच्या पत्रव्यवहारात सिद्धान्तांविषयी, धर्माधिकाऱ्यांच्या हुकमतीविषयी जो निर्भय वाद आढळतो, तो एका प्रखर बुद्धीचा आहे. १८८९ च्या मार्चमध्ये मुंबईस विधवा मुलींसाठी उघडलेले शारदा सदन हे एका प्रखर इच्छाशक्तीचे फळ आहे. असे असूनही, १९०७ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीत त्या सांगतात की, बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आले की, आपणांस ख्रिस्ती धर्म सापडला आहे, परंतु त्या धर्माचा जो प्राण तो ख्रिस्त अद्याप सापडलेला नाही.

या जाणिवेस जे पुस्तक निमित्त झाले तेही मोठे बोलके आहे. विल्यम हॅसलम या इंग्रज धर्मोपदेशकाने त्यात आपला अनुभव सांगितला होता: दीक्षा घेऊन, देऊळ बांधून, वर्षानुवर्षे प्रवचने करूनही ज्याला आतून शांती नव्हती, त्याला १८५१ साली स्वतःच्याच व्यासपीठावर, स्वतःचे प्रवचन चालू असता, तारणाचा अर्थ उलगडला. ते वाचून रमाबाईंनी तोच प्रश्न स्वतःला विचारला. पापाचे ओझे त्यांना आधीही जाणवत होते. आता त्यांना उमगले ते हे की, ते ओझे हलके करण्यासाठी विद्वत्ता, त्याग आणि समाजसेवा यांतील काहीही देवासमोर रुजू करता येत नाही, आणि करावेही लागत नाही. जशी आहे तशी, पापी म्हणून, त्याच्या पायांशी येणे एवढेच आपल्या हाती आहे.

येथे एक गोष्ट सूक्ष्मपणे पाहण्याजोगी आहे. बाहेरून पाहणाऱ्यास या घटनेपूर्वीच्या आणि नंतरच्या रमाबाईंत फारसा फरक दिसला नसता: तेच सदन, त्याच विधवा मुली, तोच अविश्रांत कामाचा रगाडा. कृपेने त्यांना कामातून मुक्त केले नाही. उलट १८९७ च्या सुमारास मध्य प्रांतातील दुष्काळाच्या तोंडून शेकडो मुली त्यांनी केडगावास आणल्या, आणि आयुष्याची शेवटची वर्षे हिब्रू व ग्रीक मुळावरून बायबलाचे सोप्या मराठीत भाषांतर करण्याच्या त्या प्रचंड उद्योगात घालविली. पालटला तो श्रमाचा हेतू. पूर्वी ज्या सेवेतून जीव शांतीचा शोध घेत होता, ती सेवा आता लाभलेल्या शांतीतून स्रवू लागली. इंग्लंडात फुलम येथे, समाजाने पतित म्हणून टाकलेल्या स्त्रियांची सेवा करणाऱ्या भगिनी त्यांनी पूर्वी पाहिल्या होत्या, आणि ही दया कोठून येते असे विचारता, विहिरीवर भेटलेल्या शोमरोनी स्त्रीशी येशूने केलेले संभाषण त्यांना वाचून दाखविण्यात आले होते. अशाच स्त्रियांसाठी पुढे केडगावास जे घर त्यांनी उघडले, त्याचे नाव त्यांनी कृपा सदन ठेवले. जी कृपा स्वतःला पात्रतेवाचून मिळाली, ती पात्रता पाहून वाटता येत नाही, हा सिद्धान्त तेथे विटामातीत उभा राहिला.

तथापि या सिद्धान्ताचा दुरुपयोगही फार सुलभ आहे, आणि त्याविरुद्ध सर्वांत खणखणीत इशारा देणारा डीट्रिख बोनहॉफर हा जर्मन धर्मपंडित विसाव्या शतकातला. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या शिष्यत्वावरील ग्रंथात त्याने स्वस्त कृपा हा मंडळीचा प्राणघातक शत्रू आहे असे प्रतिपादन केले. पश्चात्तापावाचून क्षमा, क्रूसावाचून ख्रिस्त, आज्ञापालनावाचून विश्वास असा तिचा सौदा असतो. नाझी राजवटीस विरोध केल्याबद्दल १९४५ च्या एप्रिलमध्ये तो फासावर गेला, तेव्हा मोलाची कृपा कशी असते याचा दस्तऐवज त्याने आपल्या प्राणांनी पुरा केला.

मग कृपा आणि नित्याची साधना यांचा मेळ कसा घालावयाचा? अवर्षणाने गांजलेल्या गावी सरकार साऱ्याची तुंबलेली बाकी माफ करते, तेव्हा त्या हुकमाने कोणाचे शेत नांगरले जात नाही. पण जप्तीच्या धास्तीने ज्याने औत टाकून दिले होते, तो कुणबी आता पेरू शकतो, कारण उगवलेले पीक सरकारी कारकून उचलून नेणार नाही याची त्याला खात्री असते. पिकावर बाकी फेडली जाते असे तो मानीत नाही, आणि बाकी माफ झाली म्हणून शेत पडीकही ठेवीत नाही. फिलिप्पैच्या मंडळीस पौलाने, भीत व कापत आपले तारण साधून घ्या, असे सांगून लगेच, इच्छा व कृती ही दोन्ही तुमच्या ठायी देवच घडवीत आहे, असे जे जोडले आहे, त्या दोन वाक्यांत त्याला विसंगती वाटली नाही, ती याचमुळे.

नित्याची वाढ म्हणजे काही दिव्य अनुभवांची माळ नव्हे. प्रभूने शिष्यांना शिकविलेल्या प्रार्थनेत रोजच्या भाकरीच्या मागणीला लागूनच क्षमेची मागणी आहे, आणि त्या क्षमेला आपण इतरांना केलेल्या क्षमेची जोड आहे. या क्रमात पुष्कळ शहाणपण साठविलेले आहे. काल जेवलो म्हणून आज भूक लागत नाही असे होत नाही. त्याचप्रमाणे एके काळी केलेल्या पश्चात्तापाच्या आठवणीवर आत्मा पोसला जात नाही. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने मांडलेल्या ९५ प्रमेयांतील पहिलेच प्रमेय असे की, विश्वासणाऱ्याचे संपूर्ण आयुष्य हाच पश्चात्ताप असावा, अशी प्रभूची इच्छा आहे. व्यवहारात याचा अर्थ अगदी साधा आहे. सायंकाळी दिवा लागल्यावर, दिवसभरात कोणाशी आपण कठोर बोललो, कोठे अर्धसत्यावर भागविले, कोणाच्या दुःखाकडे घाईची सबब पुढे करून पाठ फिरविली, हे देवासमोर नावानिशी कबूल करावे. ज्याची भरपाई करता येईल ती दुसऱ्याच दिवशी करावी. ज्याने आपणांस दुखविले त्याचे नाव प्रार्थनेत घ्यावे. आणि मग क्षमा मिळाली असे मानून स्वस्थ झोपावे. यांतील शेवटची गोष्ट अनेकांना सर्वांत अवघड जाते. क्षमा झालेल्या पापाचे दफ्तर रात्ररात्र पुन्हा उघडून बसण्यात नम्रतेचा भास असला, तरी तो एक प्रकारचा अविश्वासच होय, कारण त्यात देवाच्या निवाड्यावर आपण अपील चालवीत असतो.

अशा रीतीने वर्षे गेली की मनुष्य स्वतःस अधिक पवित्र वाटू लागतो काय? परंपरेने लावलेल्या कालक्रमाने पौलाची पत्रे वाचली, तर आधी तो स्वतःस प्रेषितांत कनिष्ठ म्हणवितो, नंतर सर्व पवित्र जनांत लहानाहून लहान, आणि अखेरीस पाप्यांमध्ये मुख्य. ज्या काळात हा मनुष्य तुरुंग, फटके आणि उपासमार सोसून मंडळ्या उभारीत होता, त्याच काळात त्याचा स्वतःविषयीचा अभिप्राय असा उतरत गेला. आणि नवल हे की, त्या शेवटच्या कबुलीतही निराशेचा लवलेश नाही, ती आभाराच्याच ओघात आलेली आहे. प्रकाशाच्या जवळ जाणाऱ्यास आपल्या वस्त्रावरचे डाग अधिक दिसावेत हे स्वाभाविक आहे; पण तो प्रकाश उघडे पाडण्यासाठी नव्हे तर धुऊन काढण्यासाठी आलेला आहे अशी ज्याची खात्री पटली, त्याला डाग झाकण्याची गरज उरत नाही. दुसऱ्याचे दोष उगाळण्याची हौसही मग आपोआप मावळते, कारण ती हौस बहुधा आपले दोष लपविण्याच्या धडपडीतून जन्मलेली असते.

म्हणून आपली वाढ झाली की नाही हे ज्याला पडताळून पाहावयाचे असेल, त्याने आपण किती उपास केले, किती अध्याय वाचले यांचा जमाखर्च मांडू नये. आपला अपराध दाखवून दिला असता, सबब न सांगता तो कबूल करणे पूर्वीपेक्षा सोपे झाले आहे काय, आणि दुसऱ्याचा अपराध क्षमा करण्यास पूर्वीपेक्षा कमी विलंब लागतो काय, हे दोन प्रश्न त्याने स्वतःस विचारावेत. यांचे उत्तर होकारार्थी असेल तर कृपा आपले काम करीत आहे. नकारार्थी असेल, तरी त्या नकाराची प्रामाणिक कबुली हीच, ज्या देवाने पौलाला आणि रमाबाईंना रिकाम्या हातांनी आलेले पाहून स्वीकारले, त्याच्यापाशी आज नव्याने जाण्यास पुरेशी आहे.