खाट वाहणारे चौघे



ऑक्टोबर हा जपमाळेचा महिना. मरियामातेची मूर्ती एका घरातून दुसऱ्या घरी जाते, शेजारी जमतात, माळेची प्रार्थना होते, शेवटी चणे नाहीतर बिस्किटे वाटली जातात. समूहप्रमुखांना विचारून पाहा, दरवर्षी यादी करताना एक-दोन घरे आपणहून गळतात. "यंदा आमच्याकडे नको, रंगकाम काढलंय." पुढच्या वर्षीही रंगकामच असते. आतल्या खोलीत तिशीतला मुलगा असतो. त्याची नोकरी सुटून दोन वर्षे झालेली असतात, तो रात्रभर येरझाऱ्या घालतो, मधेच एकटा बोलतो. त्या आईला मरियामाता घरात हवी असते. मूर्तीमागून येणारे आपण नको असतो.

याच महिन्यात 10 तारखेला जागतिक मानसिक आरोग्य दिन येतो. 1992 पासून तो पाळला जातो. त्या निमित्ताने या घरांविषयी आज बोलायचे आहे.

आपण ठाणे जिल्ह्याची माणसे. कोणी विचित्र वागला की "याला ठाण्याला पाठवा" असे म्हणून लोक हसतात आणि त्या विनोदात आपल्या शहराचे नाव असते. पुण्याकडे हाच विनोद येरवड्याच्या नावाने करतात. राज्यात ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी येथे प्रादेशिक मनोरुग्णालये आहेत, एवढाच त्याला आधार. ठाण्याचे रुग्णालय शंभरहून अधिक वर्षे जुने आहे. तिथे उपचार घेऊन घरी परतलेल्या माणसांची कधी गिनती होत नाही, विनोद मात्र टिकून आहे. ज्या घरात आजार आहे त्या घराने तो विनोद आपल्या तोंडून, चर्चच्या आवारातच, ऐकलेला असतो. मग रंगकाम निघते.

2015-16 साली बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने बारा राज्यांत राष्ट्रीय पाहणी केली. दर दहा प्रौढांमागे साधारण एकाला त्या वेळी कोणता ना कोणता मानसिक आजार होता, आणि त्यांतल्या बहुतेकांपर्यंत उपचार पोहोचलेले नव्हते. मिस्सेला आपल्या एका बाकावर सात-आठ जण बसतात. हिशोब आपणच करावा.

संत मार्कच्या शुभवर्तमानात दुसऱ्या अध्यायात चार माणसे येतात. त्यांची नावे दिलेली नाहीत. पक्षाघात झालेल्या एकाला खाटेवर घालून ते प्रभू येशूकडे नेतात. दारात गर्दी आहे, वाट मिळत नाही, तेव्हा ते छपरावर चढतात, छप्पर उघडतात आणि खाट खाली सोडतात. प्रभू त्यांचा विश्वास पाहतो, असे मार्क लिहितो. त्या आजारी माणसाचा स्वतःचा विश्वास किती होता हे तिथे वेगळे सांगितलेले नाही. ज्याला अंथरुणातून उठण्याची इच्छाही उरलेली नाही, ज्याच्याने 'स्वर्गातील बापा' पुरते म्हणवत नाही, त्याला याहून मोठा दिलासा कोणता? त्याच्या वाट्याचा विश्वास काही काळ दुसरे वाहू शकतात.

आता त्या चौघांनी काय केले नाही तेही पाहावे. तू कोणते पाप केलेस, असे त्यांनी वाटेत विचारले नाही. आम्हीच तुला बरा करतो, असेही म्हटले नाही. ईयोबाचे मित्रही पहिले सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून राहिले. तेवढे दिवस ते चांगले मित्र होते. नंतर त्यांनी तोंड उघडले, त्याच्या दुःखाची कारणे सांगायला लागले, आणि शेवटी देवाचा राग त्यांनाच ऐकावा लागला.

आपल्यातही कारणे सांगणारे पुष्कळ. "घरात प्रार्थना कमी पडते." "कोणीतरी काहीतरी केलंय." या दुसऱ्या वाक्याला ख्रिस्ती घरात जागाच असता कामा नये, पण ती आहे. मानसिक आजार ही वेगळी गोष्ट असून त्यावर उपचार करणे हे वैद्यकशास्त्राचे काम आहे, आणि भूतनिवारणाच्या विधीचा विचार करण्याआधी हा आजार तर नाही ना याची खात्री करावी, असे ख्रिस्तसभेची अधिकृत धर्मशिक्षणाची शिकवणच सांगते. मनोरुग्णही देवाचेच प्रतिरूप आहे, हे पोप जॉन पॉल दुसरे यांनी 1996 साली स्पष्ट केले. 2006 सालचा जागतिक रुग्ण दिन पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी याच आजारांसाठी वाहिला होता.

गोळ्यांविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण घात इथेच होतो. स्किझोफ्रेनियासारख्या आजारावरच्या काही औषधांनी सुस्ती येते, वजन वाढते, हात थरथरतात. प्रार्थनासभेत कोणीतरी सांगते, "विश्वास असेल तर गोळ्या कशाला?" गोळ्या बंद होतात. पुष्कळदा आधी जाते ती सुस्ती. मुलगा ताजातवाना दिसतो, हसतो. घरचे लोक माइकसमोर उभे राहून साक्ष देतात आणि सभागृह टाळ्यांनी भरून जाते. आजार काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी परत येतो, बहुधा पहिल्यापेक्षा जोरात. तेव्हा तिथे माइक नसतो. साक्ष सगळ्यांना आठवते, पुढची रात्र फक्त त्या घराला. त्रास होत असेल तर औषध बदलता येते, मात्रा कमी करता येते. ते डॉक्टरांना सांगावे, परस्पर बंद करू नये. मधुमेहाची गोळी घेऊन ख्रिस्तप्रसाद घ्यायला येणाऱ्याला आपण कमी विश्वासाचा म्हणत नाही.

मग गटाने करायचे काय? 1957 साली ऑस्ट्रेलियात सिडनी येथे 'ग्रो' नावाची चळवळ सुरू झाली. ती सुरू करणाऱ्यांत फादर कॉन किओ हे कॅथलिक धर्मगुरू होते. ते स्वतः मनोविकारातून गेले होते. दारूचे व्यसन नसतानाही त्यांना आणि त्यांच्यासारख्या इतरांना अल्कोहोलिक्स ॲनॉनिमसच्या सभांमध्ये बसून बळ मिळाले, आणि तसाच गट मनाच्या आजारासाठी का नसावा, असे त्यांना वाटले. दर आठवड्याला एकत्र बसायचे, आपल्यापुरते बोलायचे, आठवड्यातले एक छोटे काम ठरवायचे आणि पुढच्या वेळी ते झाले का हे एकमेकांना विचारायचे. काम म्हणजे अंघोळ करून भाजी आणणे इतके साधेही असते. पुढे ही चळवळ सर्व धर्मांच्या लोकांसाठी खुली झाली.

आपल्या जवळही असे काम चालते. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी यांनी 1990 साली 'इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ' सुरू केली. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशनने रुग्ण आणि नातेवाईक यांचे स्वमदत गट उभे केले. त्यामागे कॅनडात प्राध्यापक असलेले डॉ. जगन्नाथ वाणी होते. त्यांच्या पत्नीलाच हा आजार होता. अशा गटांत रुग्णाला 'शुभार्थी' आणि काळजी घेणाऱ्याला 'शुभंकर' म्हणतात. किती सुंदर शब्द! 'वेडा' आणि 'वेड्याची आई' हे शब्द त्यापुढे ठेवून पाहावेत.

या महिन्याच्या 1 तारखेला आपण बाळ येशूच्या संत तेरेजेचा सण साजरा केला. तिचे वडील लुई मार्टिन यांना भ्रम होऊ लागले, ते घर सोडून निघून जात. 1889 ते 1892 अशी तीन वर्षे ते फ्रान्समधल्या काँ शहराच्या मनोरुग्णालयात होते. मुली मठात गेल्या म्हणून बापाचे डोके फिरले, असे गावातले लोक बोलत. तेरेजा मठात बसून ते सोसत होती. दोन बहिणी सुरुवातीचे काही महिने रुग्णालयाजवळच जाऊन राहिल्या. 18 ऑक्टोबर 2015 रोजी लुई मार्टिन आणि त्यांची पत्नी झेली यांना संतपद दिले गेले. ज्याला आपल्या समूहाने जपमाळेच्या यादीतून गाळले असते, त्या माणसाची मध्यस्थी आज आपण मागू शकतो.

डोंबिवली-कल्याणला नगर, जालन्याकडून आलेली आपली कित्येक कुटुंबे एका खोलीत आणि स्वयंपाकघरात राहतात. गावी आजारी माणसाला ओटा होता, शेत होते, लक्ष ठेवायला काकी होती. इथे बाप सकाळची लोकल पकडतो आणि आई दाराला आतून कडी लावून बसते. अशा आईला आठवड्यातून दीड तास बाहेर पडता यावे, एवढे तरी आपल्याला जमायला हवे. दोन जणांनी तिच्या मुलाजवळ बसावे, कॅरम खेळावा. ती तेवढ्यात गटात येऊन रडेल, हसेल, चहा घेईल.

गटात प्रार्थना असावी, पण छोटी. ज्याला बोलायचे नाही त्याने नुसते बसावे. औषधांबद्दल कोणी सल्ला देऊ नये. ऐकलेले बाहेर जाऊ नये. एकदा जरी गेले तरी गट संपला असे समजावे. आणि कोणी जीव नकोसा झाल्याचे बोलला तर ते पाप म्हणून दटावू नये. त्याला एकटे सोडू नये आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्यावे. ऑक्टोबर 2022 पासून शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा 14416 या क्रमांकावर चोवीस तास चालते, मराठीतही बोलता येते. ज्या घराने असा माणूस गमावला आहे त्या घराने, त्याला ख्रिस्ती दफनविधी मिळत नाही, या जुन्या समजुतीचे ओझे वाहू नये. 1983 सालच्या धर्मसंहितेत तशी बंदी नाही.

सुरुवातीला तिघे आले तरी पुरेत. कार्यालयात नाव लिहून देण्याची गरज नाही. मिस्सेनंतर मला किंवा ज्यांच्याशी मोकळेपणाने बोलता येईल अशा कोणाही समूहप्रमुखांना फक्त "मला यायचे आहे" एवढे सांगावे. कोणासाठी, ते आम्ही विचारणार नाही.