देवाचे स्थान आणि नोंदीतले गाव

सांस्कृतिक वारशाची नोंद करताना गावाचे नाव एकाच ठरलेल्या रूपात लिहावे लागते. गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले सर्वण रोमन लिपीतल्या कागदांत पोर्तुगीज वळणाने ‘सर्वोणा’ होते आणि पंचायतीच्या नावात ‘कारापूर-सर्वण’ म्हणून येते. ही रूपे एकत्र बांधली नाहीत, तर तिथल्या एकाच मूर्तीच्या निरनिराळ्या नोंदी होतात आणि एक पाहणाऱ्याला दुसरी सापडत नाही. पेडण्याचे ‘पेर्नेम’ आणि डिचोलीचे ‘बिचोलिम’ झाल्याने हेच घडते. भौगोलिक नावांच्या प्रमाणीकरणासाठी संयुक्त राष्ट्रांची पहिली परिषद 1967 साली जिनिव्हाला भरली. पुढे गेटी संस्थेच्या स्थलनामकोशासारखी साधने आली. त्यांत प्रत्येक स्थळाला कायमचा क्रमांक असतो, सगळी पर्यायी नावे त्याखाली येतात आणि त्यांतले एक प्रमाण मानले जाते.

गोव्यात मात्र प्रश्न लेखनाच्या पलीकडे जातो, कारण इथे देवांनीच गाव बदलले. सोळाव्या शतकात तिसवाडी आणि साष्टीत देवळे पाडली गेली, तेव्हा भाविकांनी मूर्ती आणि लिंगे नदीपलीकडे नेली. कुठ्ठाळीचा मंगेश प्रियोळला आला, केळशीची शांतादुर्गा कवळ्याला. कदंब राजांचा देव सप्तकोटेश्वर दिवाडी बेटावरून डिचोलीच्या बाजूला नार्व्यात आला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये केला. दिवाडीवरही नार्वे नावाची वस्ती आहे. नदीच्या दोन्ही काठांवर नाव एकच, पण क्रमांक दोन. मग देवाच्या नावापुढे कोणता लिहावा?

इथे धर्मविचाराला उत्तर द्यावे लागते, आणि परंपरेत ते एकच नाही. प्रतिष्ठेचा विधी मानणाऱ्याच्या दृष्टीने देव मूर्तीत आवाहनाने येतो. जिथे विधिपूर्वक स्थापना झाली तेच त्याचे स्थान, म्हणून आजचे नार्वे पूर्ण आहे, त्यात उणे काही नाही. क्षेत्राचे माहात्म्य मानणाऱ्याच्या दृष्टीने भूमीच पवित्र असते. देऊळ उरले नाही तरी दिवाडीची जागा रिकामी होत नाही. पूजेचा संकल्प हे दोन्ही सांभाळतो. भटजी आधी देश आणि काळ उच्चारतात, मग देवाला बोलावतात. सर्वव्यापी देवाला पत्त्याची गरज नसते, पूजा करणाऱ्या माणसाला ती असते. म्हणून मूळ गाव की आजचे, यातले एकच खरे ठरवणारी नोंद अपुरी पडते, मग तिचे लेखन कितीही शुद्ध असो.

लोकश्रद्धेतला भूगोल तर तालुक्यांच्या चौकटीतही मावत नाही. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया आणि पेडण्यातल्या मोरजीची मोरजाई या बहिणी मानल्या जातात, आणि बार्देशातल्या म्हापशाची मिलाग्रिस सायबीणही त्यांच्यातली. राज्य, तालुका, गाव अशा उतरंडीत ही गावे वेगवेगळ्या ठिकाणी पडतात. भाविकासाठी त्यांचे नाते आधी येते.

यावर मार्ग आहे. संग्रहालयांच्या नोंदींसाठी केलेल्या आयएसओ 21127 या मानकात स्थळ वेगळे आणि त्याचे नाव वेगळे धरले जाते, आणि वस्तूचे स्थलांतर ही स्वतंत्र घटना म्हणून नोंदवता येते. त्याप्रमाणे सप्तकोटेश्वराच्या नोंदीत दिवाडी हे मूळ स्थान, नदीपार नेणे ही घटना, डिचोलीचे नार्वे हे आजचे स्थान आणि 1668 चा जीर्णोद्धार हे चारही स्वतंत्रपणे राहावेत. जुन्या कागदावर गाव जसे लिहिले असेल, तसेच त्या कागदाच्या सालासह टिपावे, त्यावर आजचे प्रमाण रूप चढवू नये. घरात कुलदेवतेसोबत फक्त जुन्या गावाचे नाव उरलेली कुटुंबे महाराष्ट्रात आणि कारवारकडे आहेत. अशा नोंदीतून ती केळशीवरून कवळ्याला पोचू शकतील.