विद्येसाठी मागणाऱ्याचे व्रत

श्रीमद्भगवद्गीतेच्या सतराव्या अध्यायात भगवंतांनी दानाचे तीन भेद विशद केले आहेत. स्थळ, काळ व पात्र पाहून, परतफेडीचा हिशेब मनात न आणता, केवळ कर्तव्य म्हणून जे दिले जाते ते सात्त्विक. ज्याच्या मागे मोबदल्याची इच्छा दडलेली असते, किंवा जे देताना जीव कासावीस होतो, ते राजस. आणि अपात्री, अकाली, घेणाऱ्याचा अनादर करून जे फेकले जाते ते तामस. या विवेचनात सर्व लक्ष देणाऱ्याच्या अंतःकरणाकडे आहे आणि ते योग्यच आहे. परंतु व्यवहारात दानाला दोन हात लागतात. एक हात देतो, दुसरा पुढे होतो. स्वतःसाठी नव्हे, तर एखाद्या विद्यापीठासाठी जो मनुष्य धनिकांच्या दारी जातो आणि लाखांची, कोटींची याचना करतो, त्याच्या कर्माची जात कोणती? ती भिक्षा आहे, व्यापार आहे, की सेवा? आज देशात हे काम वाढत आहे, म्हणून या प्रश्नाचा विचार गृहस्थांनीही करणे अगत्याचे आहे.

हा विचार हवेत होऊ नये यासाठी चेन्नई नगरीतील गिंडी या भागाकडे पाहावे. १७९४ मध्ये मद्रासच्या किल्ल्यात भूमापन शिकविणारी एक शाळा निघाली. तिचेच पुढे अभियांत्रिकी महाविद्यालय झाले आणि १९२० मध्ये ते गिंडीस आले. १९४४ मध्ये त्याच परिसरात मद्रास विद्यापीठाचे तंत्रविद्येचे महाविद्यालय उभे राहिले, ते चेट्टिनाडमधील एक व्यापारी अळगप्पा चेट्टियार यांनी दिलेल्या पाच लाख रुपयांच्या बळावर. या दोन्ही संस्था १९७८ मध्ये स्थापन झालेल्या अण्णा विद्यापीठात सामावल्या गेल्या. जवळच, गिंडीच्या जुन्या वनातून काढून दिलेल्या भूमीवर, १९५९ मध्ये पश्चिम जर्मनीच्या साहाय्याने मद्रासची इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी सुरू झाली. शासनाच्या पैशावर वाढलेल्या या संस्थेने २०२३-२४ या एका आर्थिक वर्षात माजी विद्यार्थी, उद्योगसंस्था व इतर दाते यांच्याकडून ५१३ कोटी रुपये मिळविले. आदल्या वर्षीचा आकडा २१८ कोटी होता. मे २०२४ मध्ये १९७४ सालचे पदवीधर सुनील वाधवानी यांनी ११० कोटी रुपये दिले आणि ऑगस्ट २०२४ मध्ये १९७० सालचे पदवीधर कृष्णा चिवुकुला यांनी २२८ कोटी रुपये देऊ केले. त्या संस्थेच्या इतिहासात एका व्यक्तीकडून मिळालेले तोपर्यंतचे सर्वांत मोठे दान ते हेच.

असे दान आकाशातून पडत नाही. त्यामागे एक स्वतंत्र कचेरी असते आणि तिचे नेतृत्व करणारी माणसे असतात. प्रथम माजी विद्यार्थ्यांची नोंदवही नीट करावी लागते. कोण कोठे आहे, कोणत्या वसतिगृहात राहिला होता, कोणत्या गुरुजींची आठवण काढतो, हे जाणून घ्यावे लागते. मग पत्रव्यवहार, भेटी, संस्थेत येण्याचे आमंत्रण, दात्याच्या मनाशी जुळेल अशा योजनेची मांडणी, करारपत्र, हप्ते आणि शेवटी पै-पैचा हिशेब. पहिल्या भेटीपासून दान हाती येईपर्यंत कित्येकदा वर्षे लोटतात. यात धीर लागतो, स्मरणशक्ती लागते आणि नकार पचविण्याची ताकद लागते. पण याच कामात घसरण्याच्या जागाही पुष्कळ आहेत.

पहिली शंका अशी की, माजी विद्यार्थ्याने आपल्याच विद्यालयास दिलेले दान सात्त्विक कसे म्हणावे? ज्याने आपल्यावर उपकार केले त्याला परत देणे ही तर परतफेड झाली, आणि भगवंतांनी उपकाराच्या बदल्यात दिलेल्या दानाला दुसऱ्या पायरीवर ठेवले आहे. या शंकेचे उत्तर आपल्या जुन्या परंपरेतच आहे. तैत्तिरीय उपनिषदात अध्ययन संपवून घरी निघालेल्या शिष्याला आचार्य जो उपदेश करतात, त्यात गुरूला प्रिय असे धन आणून देण्याची आज्ञा आहे. पुढे त्याच उपदेशात दान श्रद्धेने द्यावे, नम्रतेने द्यावे, असेही सांगितले आहे. गुरुदक्षिणा हे ऋण आहे. ऋण फेडणे हा धर्म आहे, त्याला दान म्हणून मिरविण्याचे कारण नाही. पण मनुष्य थोडा खोल गेला तर त्याला दिसेल की विद्यालयाला दिलेले धन विद्यालयापाशी थांबतच नाही. ते पुढच्या विद्यार्थ्याकडे जाते. ज्या मुलाला तीस वर्षांनी त्या शिष्यवृत्तीचा आधार मिळेल, तो मुलगा आज कदाचित जन्मलाही नसेल. दात्याला तो कधी भेटणार नाही, त्याची परतफेड करणार नाही. खरा घेणारा तोच आहे. ऋण पूर्वजांचे आणि फेड वंशजांकडे, अशी ही रीत आहे. जो मागणारा दात्याची दृष्टी संस्थेच्या इमारतीवरून उचलून त्या अनोळखी मुलाकडे नेतो, तो केवळ पैसा आणत नाही, तर दात्याचे दान राजसातून सात्त्विकाकडे नेतो. त्याच्या कामाचे पावित्र्य येथेच आहे.

म्हणून दानाची जात केवळ देणारा ठरवीत नाही, मागणाराही ती घडवितो. एकाच धनिकाकडे दोन प्रकारे जाता येते. त्याला असे म्हणता येते की, अमक्याने दहा कोटी दिले, आपले नाव त्याच्या खाली राहावे काय? आणि असेही म्हणता येते की, आपण ज्या खोलीत बसून शिकलात त्या खोलीत आज शिकणाऱ्या एका मुलाचे वडील शेतमजूर आहेत, त्याची फी यंदा कोण भरणार? पहिल्या वाक्याने कदाचित पैसा लवकर येईल. पण ते वाक्य दात्याच्या मत्सराला खतपाणी घालते. सोळाव्या अध्यायात भगवंतांनी आसुरी मनुष्याचे जे चित्र रेखाटले आहे, त्यात आपल्या धनाचा व कुळाचा अभिमान बाळगून यज्ञ करू, दान देऊ असे म्हणणारा मनुष्य आहे. त्या अभिमानाला जो मागणारा मुद्दाम चेतवितो, तो त्या पापाचा वाटेकरी होतो, मग जमा झालेल्या पैशातून कितीही मोठे ग्रंथालय उभे राहो.

दुसरी शंका नावाच्या पाटीची. भिंतीवर नाव कोरले की दानाचे पुण्य गेले, असे काही जण म्हणतात. हे मत फार कठोर आहे. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महाराष्ट्रात स्त्रियांसाठी विद्यापीठ काढले. गावोगाव फिरून, लहानमोठ्या वर्गण्या गोळा करून ते ते चालवीत होते. १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी पंधरा लाख रुपये देऊ केले आणि विद्यापीठाला त्यांच्या मातोश्री श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचे नाव लाभले. ते नाव आजही आहे. मुलाने आईचे नाव स्त्रियांच्या विद्येशी जोडावे यात मातृऋणाची भावना आहे, आणि ते नाव वाचून आणखी दहा मुलांना आपल्या आईची आठवण होत असेल तर ते नाव अनेक दाने प्रसवते. दोष नावात नाही, अटीत आहे. नाव कृतज्ञतेने दिले गेले, की विकले गेले, एवढेच पाहावयाचे.

या ठिकाणी कर्मवीर भाऊराव पाटलांची एक गोष्ट महाराष्ट्रात आदराने सांगितली जाते. एका धनिकाने मोठी रक्कम देऊ केली, पण संस्थेला असलेले छत्रपती शिवाजी महाराजांचे नाव काढून आपल्या इच्छेचे नाव द्यावे अशी अट घातली. तेव्हा, एक वेळ वडिलांचे नाव बदलीन पण हे नाव बदलणार नाही, अशा अर्थाचे उत्तर देऊन भाऊरावांनी ते धन परतविले. पैशाची गरज त्यांना कोणाहूनही अधिक होती. वसतिगृहातील मुलांच्या जेवणासाठी त्यांच्या पत्नीने अंगावरचे दागिने दिले होते. तरीही त्यांनी नाही म्हटले. ज्याला नाही म्हणता येत नाही, त्याने विद्येसाठी मागावयास निघू नये. कोणाला प्रवेश मिळावा, कोणाची नेमणूक व्हावी, संशोधनातून कोणता निष्कर्ष निघावा, यांवर हक्क सांगणारे धन हे दान नव्हे. ती खरेदी आहे, आणि जे विकले जाते ते विद्यापीठाचे सत्त्व असते.

तिसरी शंका अशी की, कायद्याच्या सक्तीने किंवा करसवलतीच्या आशेने दिलेल्या पैशाचे काय? २०१३ च्या कंपनी कायद्यानुसार ठराविक मर्यादेहून मोठ्या कंपन्यांना आपल्या मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के लोकहितासाठी खर्च करावे लागतात. अशा रकमेचा मोठा ओघ विद्यापीठांकडे येतो. त्या पैशाने प्रयोगशाळा निघाली तर ती चांगलीच गोष्ट आहे, पण ते कर्तव्याचे पालन आहे, त्याला त्याग म्हणता येणार नाही. मागणाऱ्याने हे दोन्ही पैसे एकाच थैलीत टाकून सर्वांना दानशूर म्हणू नये. शब्द स्वस्त केला की खऱ्या दात्याची किंमतही कमी होते.

आता मागणाऱ्याच्या स्वतःच्या मनाकडे वळावे. त्याच्यापुढे दर वर्षी एक आकडा ठेवलेला असतो. यंदा इतके कोटी झाले, पुढील वर्षी त्याहून अधिक झाले पाहिजेत. हा आकडा कामाला शिस्त लावतो हे खरे. परंतु त्याच आकड्यावर माणसाची योग्यता ठरू लागली, तर त्याला प्रत्येक भेटणाऱ्यात मनुष्य दिसेनासा होतो, केवळ रक्कम दिसते. म्हाताऱ्या माजी विद्यार्थ्याशी तो दोन तास बोलतो, पण ऐकत काहीच नाही. निष्काम कर्माचा उपदेश येथे अगदी नेमका लागू पडतो. फळाची आसक्ती सोडणे म्हणजे प्रयत्न सोडणे नव्हे. तयारी पूर्ण करावी, मागणे स्पष्ट करावे, संकोच ठेवू नये, आणि नकार मिळाला तरी त्या गृहस्थाविषयीचा आदर तिळभरही कमी होऊ देऊ नये. नकारानंतरही ज्याचा जिव्हाळा टिकतो, त्याचा जिव्हाळा खरा होता असे समजावे.

कालिदासाच्या रघुवंशातील पाचव्या सर्गात मागणाऱ्याचा व देणाऱ्याचा जो आदर्श आहे, त्याहून उंच आदर्श क्वचितच सापडेल. वरतंतूचा शिष्य कौत्स याच्या डोक्यावर चौदा कोटींच्या गुरुदक्षिणेचा भार होता. तो रघूकडे आला, तेव्हा राजाने विश्वजित यज्ञात सर्वस्व देऊन टाकले होते आणि त्याच्यापाशी मातीचे पात्र तेवढे उरले होते. ते पाहून कौत्स निघाला, कारण ज्याच्यापाशी नाही त्याला अडचणीत घालणे त्याला रुचले नाही. रघूने त्याला थांबविले. पुढे कुबेराकडून सोन्याचा वर्षाव झाला आणि राजाने ते सर्व कौत्सापुढे ठेवले. त्या वेळी वाद झाला तो उलटाच. राजा सर्व घ्या म्हणत होता, आणि कौत्स गुरूला देणे आहे त्याहून एक नाणेही अधिक घ्यावयास तयार नव्हता. अयोध्येच्या लोकांनी दोघांनाही सारखेच धन्य मानले. विद्येसाठी मागणाऱ्याचे सारे व्रत या प्रसंगात आले आहे. ज्याच्यापाशी नाही त्याला न दुखविणे, आपल्यासाठी काही न मागणे, आणि प्रयोजनापेक्षा अधिकाचा लोभ न धरणे.

व्रताचे आणखी एक अंग आहे, ते म्हणजे लहान दात्याचा मान. कोटी देणाऱ्याला हार आणि शंभर रुपये देणाऱ्याला छापील पावती, असा भेद जेथे होतो तेथे विद्यापीठ हळूहळू थोड्या माणसांचे होते. रयत शिक्षण संस्थेच्या वसतिगृहांसाठी खेड्यांतील बायका दळणाच्या वेळी मूठभर धान्य बाजूला काढून ठेवीत. त्या मुठींनी किती पोती भरली यापेक्षा, त्यांमुळे ती संस्था सर्व समाजाला आपली वाटली, हे अधिक मोलाचे आहे. याउलट १९४७ मध्ये अॅनी बेझंट यांच्या जन्मशताब्दीच्या सभेत मद्रास विद्यापीठाचे कुलगुरू लक्ष्मणस्वामी मुदलियार यांनी नवी महाविद्यालये काढण्याचे आवाहन केले, तेव्हा अळगप्पा चेट्टियार तेथल्या तेथे पुढे झाले आणि त्याच वर्षी कारैकुडीस महाविद्यालय सुरू झाले. कुलगुरूंनी भर सभेत सर्वांना उद्देशून मागितले होते, आणि देणाऱ्याने विचारासाठी मुदत मागितली नाही. मूठ असो वा लाख, मागणे निर्मळ असले की देणेही सोपे होते.

गृहस्थाश्रमी वाचकाला यातून घेण्यासारखे पुष्कळ आहे. आज सुशिक्षित म्हणविणाऱ्या बहुतेकांचे शिक्षण भरलेल्या फीच्या मोलाने झालेले नाही. त्याचा भार कधी शासनाने, म्हणजे करदात्या समाजाने, आणि कधी एखाद्या विस्मृत दात्याने वाहिला आहे. जो मिळालेले भोगतो पण परत काही देत नाही, त्याला तिसऱ्या अध्यायात भगवंतांनी चोराच्या पंक्तीत बसविले आहे. तेव्हा शाळेचा किंवा महाविद्यालयाचा कोणी सेवक दारी आला तर त्याला पायरीवरून परत पाठवू नये. त्याला बसवावे, योजना विचारावी, हिशेब मागावा, आणि शक्तीप्रमाणे द्यावे. घरातील विवाह, मुलांचे वाढदिवस किंवा वडिलांचे श्राद्ध या दिवशी आपल्या जुन्या शाळेला काही पाठविण्याची रीत घातली, तर मुलेही ती पाहून शिकतील. आणि ज्याच्यावर असे मागण्याचे काम सोपविले गेले आहे, त्याने दारी जाण्यापूर्वी क्षणभर थांबून स्वतःला विचारावे की, आज या गृहस्थाच्या मनातील कोणती वृत्ती आपण जागी करणार आहोत. त्या उत्तरावर त्याने आपले पाऊल पुढे टाकावे किंवा मागे घ्यावे.