निकालाची वाट पाहणाऱ्याबरोबर चालणें
शास्त्रपाठ : मार्क ५ : २१-४३

याइराची बारा वर्षांची मुलगी मरणोन्मुख झाली होती. प्रभु त्याच्याबरोबर निघाला खरा. परंतु वाटेंत एका रक्तस्रावी बाईसाठीं तो थांबला. त्या घटकेस याइराच्या मनाची काय दशा झाली असेल, हें शुभवर्तमानकार सांगत नाहीं. ज्यांनीं इस्पितळांतील तपासणीच्या निकालाची वाट पाहिली आहे, त्यांस तें सांगावयास नकोच.

आमच्या खेड्यांतील एखादी मजूर बाई छातींतील गाठ दाखवावयास शहरीं जाते. गाठीचा तुकडा काढून घेऊन तिला आठ दिवसांनीं बोलावितात. ती रोजगार बुडवून, गाडीभाडें खर्चून खिडकीपाशीं उभी राहते, तों उत्तर मिळतें, "अजून आला नाहीं, सोमवारीं या." सोमवारीं डॉक्टर रजेवर. तिसऱ्या खेपेस कागद मिळतो, पण तो इंग्रजींत! कागद हातीं आला, अर्थ मात्र आला नाहीं.

अशा विलंबाचे दोन प्रकार आहेत, व ते निरनिराळे ओळखिले पाहिजेत. पहिला कामाच्या स्वभावांतूनच येतो. गाठीचा तुकडा औषधी पाण्यांत मुरवून, मेणांत बसवून, त्याचे अतिशय पातळ काप काढून व ते रंगवून सूक्ष्मदर्शकाखालीं पाहावे लागतात. क्षयाचे जंतु हल्लीं यंत्रानें कांहीं तासांत ओळखतां येतात. परंतु ते वाढवून पाहावयाचे असल्यास कित्येक आठवडे जातात. पेरलेलें बीं उकरून पाहिल्यानें लवकर उगवत नाहीं, हें शेतकऱ्यास कोणीं शिकवावें? हा विलंब धीरानें सोसावा.

दुसरा विलंब माणसाच्या हयगयीचा होय. कागद खणांत पडून राहतो, नांव चुकतें, विचारणाऱ्यास दटावून परत पाठवितात. ह्याला देवाची इच्छा म्हणून गप्प बसणें ही भक्ति नव्हे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ सालच्या नियमांप्रमाणें रोग्यानें आपले वैद्यकीय कागद मागितल्यास ते ७२ तासांच्या आंत द्यावयाचे असतात. राष्ट्रीय मानवी हक्क आयोगानें २०१८ सालीं मांडलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेंतही तपासणीचे अहवाल मिळण्याचा हक्क सांगितला आहे. तेव्हां नम्रपणें, पण न भितां मागावें. न्यायाधीशाचें दार न सोडणाऱ्या विधवेचा दृष्टांत प्रभूनेंच सांगितला ना?

ह्याहून मोठा धोका निराळाच आहे. खेपांनीं थकून किंवा वाईट बातमीच्या धास्तीनें कित्येक जण निकाल आणावयास जातच नाहींत. रोग मात्र त्यांच्यासाठीं थांबत नाहीं. उपचाराची वेळ निघून जाते.

आतां याइराकडे पुनः पाहूं. घरून वाईट निरोप आला, तेव्हां प्रभूनें त्यास त्या निरोपाबरोबर एकटें सोडिलें नाहीं. तो तत्काळ त्याच्याशीं बोलला, आणि घरापर्यंत त्याच्याबरोबर चालत गेला. प्रत्येक घरीं मुलगी उठून बसेलच, असें वचन आम्ही देऊं शकत नाहीं; पण बरोबर चालणें हें प्रत्येक मंडळीच्या हातचें आहे.

म्हणून येत्या रविवारीं उपासनेनंतर पाळकांनीं व वडिलांनीं विचारावें कीं, आपल्यांत कोण निकालाची वाट पाहत आहे? निकालाची तारीख व तपासणीची पावती कोणीतरी जपून ठेवावी. ज्यास इंग्रजी वाचतां येतें, त्यानें बरोबर जाऊन डॉक्टरांकडूनच अर्थ समजून घ्यावा. औषधाच्या दुकानीं विचारून समाधान मानूं नये. भाड्यास कमी पडत असेल, तर दानपेटींतून द्यावें. आणि आपल्यांपैकीं जे इस्पितळांत नोकरीस आहेत, त्यांनीं हें ध्यानांत ठेवावें कीं, खिडकीपलीकडे उभा असलेला प्रत्येक मनुष्य कोणातरी मुलीचा याईर आहे. त्याच्याशीं दोन शब्द स्पष्ट व गोड बोलण्यास फार वेळ लागत नाहीं.